सात झाली, पाच राहिली

फ्लॉपी चांगली आहे की वाईट, हे मला कानानं कळायचं.

आता फ्लॉपी म्हणजे काय ते नव्या पिढीला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. तळहातावर मावेल एवढी चौकोनी, चपटी, काळ्या प्लॅस्टिकची वस्तू. तिच्या पोटात तपकिरी रंगाची एक पातळ चकती. आणि त्या चकतीवर आमचं सगळं काम. आमचं म्हणजे भरतकामाच्या कारखान्याचं. एका लांबट खोलीत आठ सुयांचं मशीन होतं. फ्लॉपीत जे असेल ते वाचून आठही सुया एकदम खाली जायच्या, एकदम वर यायच्या, आणि आठ कापडांवर एकच फूल एकाच वेळी उमलत जायचं. मी त्या मशीनवर होतो. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण दोरा तुटायच्या आधी कसा कुरकुरतो ते मला ऐकू यायचं, आणि तेवढ्यावर माझा जन्म निघाला.

फुलं मात्र माझी नव्हती. कागदावरचं फूल कॉम्प्युटरवर एकेका टाक्यानं मांडायचं, सुई कुठे खाली जाईल, कुठे वळेल, दोरा कुठे तुटेल हे आधीच ठरवून फ्लॉपीत भरायचं, या कामाला पंचिंग म्हणत, आणि ते माझी बायको करायची. ती आत काचेच्या खोलीत बसायची, मी बाहेर. ती फूल लावते आणि हा फुलवतो, असं मालक आल्यागेल्याला सांगायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे. आम्हीही हसायचो. मालकांच्या विनोदाला हसणं हा पगारातलाच भाग असतो.

सुरुवातीला फ्लॉप्या दुकानातून यायच्या, नावाजलेल्या, एकेक वेगळ्या वेष्टनात. मग मालकांच्या हाती कुठलंसं मासिक पडलं. त्याच्या शेवटच्या पानावर जाहिरात होती: कूपन भरून पाठवा, फ्लॉप्या टपालानं घरपोच, निम्म्या भावात. महिन्याभरानं पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक खोका आला. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, आतल्या पन्नास फ्लॉप्यांवरही नव्हतं. बायकोनं एक फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, यांना आईबाप नाहीत वाटतं. त्या दिवसापासून कारखान्यात त्यांचं नाव पडलं, अनाथ.

दहा अनाथांतले दोन पहिल्याच दिवशी दगा द्यायचे. पाकळी अर्ध्यावर आली की मशीन थांबायचं आणि आठ कापडं एकदम वाया जायची. म्हणून मालकांनी माझ्यावर एक काम टाकलं: नवी फ्लॉपी वापरायच्या आधी कॉम्प्युटरात घालून पुसून काढायची आणि ऐकायचं. चांगली फ्लॉपी हनुवटीखाली खाजवलेल्या मांजरासारखी घुरघुरते. वाईट फ्लॉपी खोकते. कोरडा खोकला, खट, खट, आणि मग गप्प. खोकणाऱ्या फ्लॉप्या मी खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. सगळे मला डॉक्टर म्हणू लागले. बायको म्हणायची, चौथी पास डॉक्टर, फी नाही आणि गुणही नाही.

तिची एक शिस्त होती. प्रत्येक फूल ती दोन फ्लॉप्यांवर ठेवायची, एक गेली तर दुसरी असावी म्हणून, आणि चिठ्ठी चिकटवून तिच्यावर पेन्सिलीनं फुलाचं नाव आणि टाक्यांचा आकडा लिहायची. आणखी एक सवय होती तिला, तिच्यावरून आमची थट्टामस्करी चालायची. वाया गेलेल्या नमुन्यातला दोरा ती जेवणाच्या सुट्टीत बसून उसवायची आणि रिळावर परत गुंडाळायची. मी म्हणायचो, अगं, दोरा कसला वाचवतेस. ती म्हणायची, दोऱ्याला काय कळतंय तो आधी कुठल्या फुलात होता.

उन्हं काचेतून तिच्या हातावर पडलेली असायची, बाहेर मशीन थंड होत टिकटिक करत असायचं, आणि ती मान खाली घालून उसवत असायची. मला विचाराल तर माझं सगळं सुख त्या अर्ध्या तासात होतं. तेव्हा कळलं नाही. अशा गोष्टी तेव्हा कळत नाहीतच.

आमची लेक अकरा वर्षांची असताना बायकोला दुखणं लागलं. छातीचं. बरं होणारं नव्हतं, आणि ते तिला माझ्याआधी कळलं. तरी ती कामावर येत राहिली. एक दिवस सुट्टीत उसवायचं सोडून ती कॉम्प्युटरसमोर बसलेली दिसली. पडद्यावर एका कोपऱ्याला वळसा घालून जाणारी नाजूक वेल होती, आणि वेलीला एकच पान.

मी विचारलं, "हे कुणाचं काम?"

"घरचं. लेकीच्या बाळाचं दुपटं."

"लेक अकरा वर्षांची आहे अजून."

"म्हणून तर आत्ता," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं, तर तिनं आत घातलेली फ्लॉपी खोकत होती. माझ्या डब्यातली, मी टाकून दिलेली फ्लॉपी तिनं घेतली होती. मी रागावलो. म्हटलं, एवढं जीव ओतून करतेस आणि ठेवतेस कशावर. तर तिचं म्हणणं, मालकांची चांगली फ्लॉपी घरच्या कामाला कशी घ्यायची? मी म्हटलं, आपण विकत घेऊ. तिनं मान हलवली.

"राहू दे. खोकणारी माणसं जगत नाहीत का चार दिवस?"

बारा पानं करायची असं तिनं ठरवलं होतं. सुट्टीच्या अर्ध्या तासात बसायची, जमेल तेवढं करायची. मग एका दिवशी तिनं फ्लॉपी बाहेर काढली, तिच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवली, म्हणजे चुकून कुणाकडून काही पुसलं जाऊ नये, आणि चिठ्ठीवर लिहिलं: दुपटं. सात झाली, पाच राहिली. टाके २१८४. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

लेकीला मी वाढवली. कशी वाढवली ते तिलाच विचारा, ती सांगते की वेण्या वाकड्या घालायचास आणि भाजीत मीठ दोनदा टाकायचास. शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. कारखाना बंद पडला. मालकांनी जाताना मला नमुन्याचं एका सुईचं जुनं मशीन दिलं आणि बायकोच्या साठ-पासष्ट फ्लॉप्या दिल्या. कारखान्याचा मेकॅनिक, ज्याला आम्ही स्क्रू म्हणायचो, कारण त्याच्या खिशात जगातले सगळे स्क्रू असायचे आणि नेमका हवा तो नसायचा, त्यानं ते मशीन माझ्या बाहेरच्या खोलीत बसवून दिलं. शाळेच्या गणवेशावर नावं, हॉटेलच्या रुमालांवर खुणा, असली किरकोळ कामं मी करत राहिलो. दुपट्याची फ्लॉपी मात्र कधी घातली नाही. ती वाचली गेली नाही तर काय, या भीतीनं. बंद डब्यात होती तोवर ती शाबूत होती असं मानता येत होतं.

मग दोन वर्षांपूर्वी, थंडी सरता सरता, लेकीचा फोन आला. बाबा, तू आजोबा होणार, पाचवा सरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी डबा उघडला. फ्लॉपी आत सरकवली. ती खोकली. मी डोळे मिटले. ती पुन्हा खोकली, आणि मग, जणू घसा साफ झाल्यासारखी, घुरघुरायला लागली. मशीनच्या हिरव्या पट्टीवर आकडा आला, २१८४. मी एका चिंधीवर ती वेल काढली. सात पानं, प्रत्येकाचं टोक जरासं डावीकडे झुकलेलं, जसं तिला आवडायचं.

बाकीची पाच पानं कुठून आणायची हा प्रश्न होताच. पण सात तर सात, मी ठरवलं. एक मऊ सुती कापड आणलं, धुऊन वाळवलं, चौकटीत ताणून बसवलं आणि दोन दिवसांनी पुन्हा फ्लॉपी घातली. पट्टीवर आकडा आला, २२०७.

वयामुळे डोळे दगा देतात, म्हणून मी चष्मा पुसून पाहिलं. आकडा तोच. मशीन चालू केलं. सातवं पान पुरं झालं तरी सुई थांबली नाही. वेल थोडी पुढे गेली, आणि आठव्या पानाच्या देठाचा इवलासा कोंब तिथे उठला. तेवीस टाके. मग मशीन थांबलं.

स्क्रूला बोलावलं. तो आला, मशीनचं पोट उघडून तासभर आत डोकं घालून बसला, चहाचे दोन कप रिचवले, आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, हे मशीन फ्लॉपी वाचतं. लिहीत नाही. लिहायचा भागच त्यात घातलेला नाही."

त्यानं फ्लॉपी उलटी करून माझ्यापुढे धरली.

"आणि ही खिट्टी बघ. वहिनींनी सरकवून ठेवलीय ना, मग कॉम्प्युटरलासुद्धा हिच्यावर एक टाका वाढवता येणार नाही. आकडा तूच चुकीचा वाचला असशील."

"कोंब मी नाही काढला. सुईनं काढला."

त्यानं कोंबाकडे पाहिलं, कान खाजवला. त्याचं मत पडलं की हा टपालाचा माल, आत आधी कुणाचं काय राहून गेलं असेल सांगता येत नाही. टपालानं आलेली फ्लॉपी आणि टपालानं ठरलेलं लग्न, उघडेपर्यंत देवालाही ठाऊक नसतं. मग तो जरा हळू आवाजात म्हणाला की त्याच्या ओळखीत पंचिंग करणारी एक हुशार मुलगी आहे, बाकीची पानं ती तासाभरात करून देईल. मी नको म्हटलं. बायकोचा हात नसेल त्याला. स्क्रू एवढा बोलका माणूस, पण त्यावर त्यानं फक्त "बरं" म्हटलं.

मी मात्र रोज दुपारी फ्लॉपी घालू लागलो. कापड चौकटीत तसंच ठेवलं होतं. मशीन जुन्या टाक्यांवरून कोरडं, म्हणजे सुई न टोचता, पुढे न्यायचं, आणि जिथे काल थांबलं तिथून आजचे नवे टाके घालायचे. कधी अठरा, कधी बावीस. कधी नुसती देठाची एक बाजू. आठवं पान असं उमललं, तीन आठवड्यांत. टोक डावीकडे झुकलेलं. मी कुणाला सांगितलं नाही. लेकीला काय सांगणार होतो? फोनवर ती विचारायची, बाबा, हल्ली आवाज खूश वाटतो तुझा, काय विशेष? मी म्हणायचो, काही नाही, भाजीत मीठ एकदाच पडलं.

मधेच स्क्रूच्या बायकोला उशीच्या अभ्र्यावर गुलाब हवे होते. मी गुलाबाची फ्लॉपी काढली, तर एका पाकळीची कड आलीच नाही, तिथे खाच राहिली. जुन्या अनाथ फ्लॉप्या, जायच्याच, असं म्हणून मी ती बाजूला ठेवणार होतो, पण सहज चिठ्ठीवरचा आकडा पाहिला. बायकोच्या पेन्सिलीनं लिहिलेले टाके ५६३०. पट्टीवर होते ५६०७. माझं गणित कच्चं, म्हणून मी कागद घेऊन वजाबाकी केली, मग बोटांवर केली. तेवीस कमी.

मग मी तिच्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून घातल्या. बऱ्याच केव्हाच मेलेल्या होत्या. एकोणीस वाचल्या जात होत्या. पाखराच्या फ्लॉपीत बावीस टाके कमी. गव्हाच्या ओंबीत अठरा कमी. मी रोजचे नवे टाके कॅलेंडरवर लिहून ठेवत होतो. ते आकडे आणि हे आकडे जुळत गेले.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं. माझ्या मनात आलं, ती उसवते आहे. वाया गेलेल्यातून दोरा काढते आहे आणि राहिलेलं पुरं करते आहे. हे तिच्याशिवाय कुणाला सुचेल? मी त्या एकोणीसही फ्लॉप्या दुपट्याच्या फ्लॉपीला लागून एकाच डब्यात ठेवल्या, तिला लांब जावं लागू नये म्हणून. वेडेपणा होता. पण वर्षानुवर्षं एकाच माणसाचं ऐकायची सवय झाली की ते माणूस गेल्यावरही हात त्याचंच ऐकतात.

एका फ्लॉपीतून तीन-चार वेळा घेतलं गेलं की ती खोकायला लागायची, आणि मग एक दिवस मशीनला ओळख देईना. प्रत्येकीच्या वेळी मी थोडा बसायचो. हा गुलाब एका नवरीच्या ओढणीवर गेला होता, आणि ती नवरी स्वतः कारखान्यात येऊन बायकोचे हात हातात घेऊन गेली होती. ही ओंबी काढली तेव्हा लेक पाळण्यात होती आणि पाळणा त्या काचेच्या खोलीतच होता. एकेक फूल असं आठवायचं आणि जाऊ द्यायचं. नववं पान झालं. दहावं अर्धं झालं. आणि डब्यातली शेवटची फ्लॉपी गप्प झाली.

दोन दिवस आकडा हलला नाही. तिसऱ्या दिवशी वीस टाके वाढलेले होते.

संध्याकाळी मी वाळलेले कपडे घडी करत होतो. माझ्या उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात बायकोनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हातानं भरलेलं एक निळं पाखरू होतं. त्याला शेपूट नव्हतं. दोरा तुटलेला नव्हता, लोंबत नव्हता. मी अभ्रा दिव्यासमोर धरला. सुई एकदा कापडातून गेली की भोक राहतं. उसवलं तरी राहतं, इस्त्री केली तरी जवळून पाहणाऱ्याला दिसतं. जन्मभर हेच पाहत आलो आहे मी. तिथे भोक नव्हतं. सुई त्या जागी कधी गेलीच नव्हती, असं ते कापड होतं.

स्क्रूला दाखवलं तर तो म्हणाला, धुऊन धुऊन गेलं असेल, चाळीस वर्षांचा अभ्रा आहे, आता एक नवा घे, एवढा चिकटपणा बरा नव्हे. मी त्याचं ऐकून घेतलं. पाखरू चार दिवसांत गेलं. मग माझा एक रुमाल कोरा झाला. मग पडद्याची किनार. मग लेकीचा लहानपणचा झगा, ज्याच्या खिशावर पाच पाकळ्यांचं फूल होतं. ते रोज एक पाकळी करत गेलं. मला थांबता आलं असतं. फ्लॉपी घातली नसती तर झालं असतं. पण अकरावं पान पुरं होत आलं होतं, एकच राहणार होतं, आणि लेकीचे दिवस भरत आले होते. मी मनाशी म्हणायचो, झग्यावरचं फूल जुन्याचं, पान नव्याचं. घरातल्या घरात तर आहे.

ज्या दुपारी झग्याचा खिसा कोरा झाला त्या दुपारी अकराव्या पानाचं टोक डावीकडे झुकून पुरं झालं. आकडा होता ३४३२. मी घरभर फिरलो. कपाटं उघडली, ट्रंक उपसली. बायकोच्या हातचं घरात आता काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. आधी इकडचं तिकडचं बोलली, आणि तिच्या बोलण्यावरून मला कळलं की ती धीर गोळा करते आहे.

"बाबा, घाबरू नकोस. दोन दिवस झाले, बाळाची हालचाल कमी वाटतेय. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत बघू."

मी काहीतरी बोललो. डाव्या कुशीवर झोप म्हटलं असेन. फोन ठेवला. बायकोच्या हातचं काही उरलं नव्हतं, पण तिच्या पोटचं एक उरलं होतं. आणि त्या पोटात आणखी एक.

मशीन चालूच होतं. मी फ्लॉपी काढून पुन्हा घातली, नुसता आकडा बघायला. अर्ध्या तासापूर्वी ३४३२ होता. पट्टीवर आता ३४३३ होतं.

मी वीज बंद केली. फ्लॉपी बाहेर ओढली, तिचं काळं कवच दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि आतली तपकिरी चकती दोरा कापायच्या कात्रीनं कापली. चार तुकडे केले, मग आठ, मग मोजले नाहीत. बायको गेली तेव्हा मी लेकीसमोर रडलो नव्हतो. त्या दुपारी जमिनीवर बसून ते तुकडे गोळा करताना रडलो. मी बायकोला म्हणत होतो, पुरे झालं, अकरा पुष्कळ आहेत.

सकाळी लेकीचा फोन आला. रात्रभर बाळानं लाथा मारून झोपू दिलं नाही म्हणाली, नक्की तुझ्यावर गेलंय, हट्टी. मी इतका हसलो की ती पलीकडून विचारत राहिली, बाबा, काय झालं, बाबा.

दुपटं चौकटीतून काढलं. दोऱ्याची टोकं कापली, धुतलं, इस्त्री केली. अकरा पानं, आणि पुढे बोटभर रिकामी जागा. जावई कामानिमित्त इकडे आला होता, त्याच्याबरोबर पाठवून दिलं. आईनं तुझ्यासाठी केलं होतं, एवढंच लेकीला फोनवर सांगितलं. किती पानं, किती राहिली, ते काही बोललो नाही. गालाला लावून बसलेय, असं ती म्हणाली.

मुलगी झाली. सुखरूप. दहा दिवसांनी मी गेलो. जावई स्टेशनवर घ्यायला आला होता, वाटेत त्याच्या बोलण्याला खंड नव्हता. म्हणाला, बाबा, तुमची नात म्हणजे चमत्कार आहे, शेजाऱ्यांना अजून पत्ताच नाही की या घरात बाळ आलंय. मी हसलो. पायऱ्या चढताना मला धाप लागली, पण थांबावंसं वाटलं नाही.

लेक पलंगावर बसली होती. थकलेली, पण चेहऱ्यावर तेज. मी आधी तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरचा लहानपणचा व्रण, एक भुवई उचलून हसणं, सगळं होतं. माझ्या लेकीत काही कमी नव्हतं. तिनं बाळाला माझ्या मांडीवर दिलं. दुपट्यात गुंडाळलेलं, ऊबदार. कोपरा वर आला होता. मी पानं बोटानं मोजली नाहीत, डोळ्यांनीच मोजली. बारा.

शेवटचं पान इतरांपेक्षा लहान होतं, आणि त्याचं टोक कुठेच झुकलेलं नव्हतं, सरळ होतं. मी कोपरा उलटा केला. अकरा पानांच्या मागे माझा पांढरा दोरा होता, खालच्या रिळाचा, जसा असायला हवा. बाराव्याच्या मागे कापड स्वच्छ होतं.

"काय बघतोस? छानच झालंय ते," लेक म्हणाली. "दवाखान्यात एवढी रडायची, नर्स म्हणायची हिचा गळा केवढा. घरी आणून यात गुंडाळली तशी शांत झाली. तेव्हापासून एकदासुद्धा रडली नाही."

माझ्या हातांनी ते दुपटं सोडायला घेतलं. लेक म्हणाली, काढू नकोस बाबा, तिला आवडतं त्यात. पण मी एक पदर सोडलाच होता. बाळाच्या अंगाला गार वारा लागला. त्यानं डोळे घट्ट मिटले, कपाळाला आठ्या पडल्या, चेहरा लालबुंद झाला, इवल्या मुठी कानापाशी थरथरू लागल्या, आणि तोंड उघडलं, मोठं, जेवढं उघडता येईल तेवढं. वर पंखा फिरत होता. खोलीत मला फक्त त्याचाच आवाज ऐकू येत होता.

लेक पुढे वाकली आणि कौतुकानं म्हणाली, "बघ ना बाबा, किती गोड जांभई देते."